इंग्रजी शब्द मुरायला हवेत

सुरतेतल्या कतारगामच्या कारखान्यात हिरे घासायच्या घंटीवर बसलेला रत्नकलाकार हिऱ्याच्या वरच्या भागाला मथाळुं म्हणतो आणि खालच्या भागाला तळियुं. तोच हिरा पैलू पडून तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो आणि परत येतो तेव्हा त्याच्यासोबत एक इंग्रजी कागद असतो. त्या कागदावर मथाळ्याचं क्राउन झालेलं असतं, तळियाचं पॅव्हिलियन आणि दोन्हींच्या मधल्या कडेचं गर्डल. शिवाय हिऱ्याच्या आतल्या खुणांची यादी असते: फेदर, क्लाउड, निडल, क्रिस्टल, पिनपॉइंट.

या यादीत अवघड असा एकही शब्द नाही. फेदर म्हणजे पीस, क्लाउड म्हणजे ढग, निडल म्हणजे सुई, हे प्राथमिक शाळेतलं मूलही सांगेल. पण हिऱ्याच्या कागदावर फेदर म्हणजे चीर. ती पृष्ठभागापर्यंत आलेली असेल किंवा कडेजवळ असेल, तर दागिन्यात बसवताना हिरा तुटायची भीती असते आणि भावही तसाच उतरतो. क्लाउड म्हणजे अतिशय बारीक ठिपक्यांचा पुंजका. तो दाट असला की हिरा दुधाळ दिसतो. ज्याला हे शब्द फक्त शाळेतल्या अर्थाने येतात, त्याला हा कागद वाचता येतो पण कळत नाही. ज्याला कळतो, त्याची इंग्रजी शब्दांची समज वरच्या पातळीची आहे, मग त्याला इंग्रजी साहित्यातले भारदस्त शब्द येत असोत वा नसोत.

इंग्रजीची ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ म्हटलं की आपल्याकडे लगेच शब्दांच्या याद्या पुढे येतात. पाचशे शब्द, हजार शब्द, रोज वीस शब्द पाठ. यादीतले शब्द जितके लांब आणि दुर्मीळ, तितकी यादी चांगली, असा समज आहे. तो चुकीचा आहे आणि त्यात मुलांची वर्षं वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. भाषा शिकवण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या शंभर वर्षांत जे शोधून काढलं, ते या याद्यांच्या बरोबर उलट दिशेला बोट दाखवतं. आणि कतारगामसारख्या ठिकाणी ते फार चटकन पटतं, कारण इथे इंग्रजी शब्दाला रोज पैशाचा हिशेब चिकटलेला असतो.

तापीच्या काठाने वाढलेलं कतारगाम एकेकाळी उंधियूत पडणाऱ्या पापडीसाठी प्रसिद्ध होतं. आजही सुरती माणूस पापडी घेताना ती कतारगामची आहे का, हे विचारतो. नंतर सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी इथे आणि वराछ्याला हिऱ्यांचे कारखाने उभे केले, औद्योगिक वसाहत आली, भरतकामाची यंत्रं आली. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असं सांगितलं जातं. याच सुरतेत खानदेशातून आलेली मराठी माणसं मोठ्या संख्येने आहेत. भुसावळहून निघालेली गाडी तापीच्या खोऱ्यातूनच सुरतेला येते, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी घरांनी तीच वाट धरली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा हे त्यांचे मोठे भाग; कतारगामातही ती आहेत. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी माध्यमातही चालतात.

अशा घरातल्या मुलाच्या भाषा मोजून पाहा. आजीशी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती, कारखान्यात ओडिशा आणि उत्तर प्रदेशच्या सहकाऱ्यांशी हिंदी. म्हणजे इंग्रजीकडे तो येतो तेव्हा चार भाषांचं सामान घेऊन येतो. त्याला कोणी ‘इंग्रजीत कच्चा’ म्हटलं की मला राग येतो. एकाच गोष्टीला चार नावं असतात, प्रत्येक नाव वेगळ्या माणसासमोर वापरायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं तरी येतं. शब्दसंपत्ती वाढवण्याचा पाया हाच आहे.

सुरतेत इंग्रजी आलं त्याची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. 1608 मध्ये विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेला उतरला आणि पुढे आग्र्याला जहांगीरच्या दरबारात गेला. तिथे त्याचं इंग्रजी कोणाच्याच कामाचं नव्हतं. त्याला तुर्की येत होती, म्हणून त्याचं बादशहाशी बोलणं झालं. टॉमस कोरिएट नावाचा इंग्रज प्रवासी तर वाटेत भाषा शिकत शिकत आला, जहांगीरपुढे फारसीत भाषण करून बक्षीस मिळवलं आणि 1617 मध्ये सुरतेतच वारला. त्या काळी परकी भाषा शिकायची गरज इंग्रजांना होती आणि त्यांचे व्यापारी ज्या धंद्यासाठी आले, त्या धंद्याच्या शब्दांपासून त्यांनी सुरुवात केली. कापडाचे प्रकार, वजनं, नाणी, सराफ, दलाल. यांतले कितीतरी शब्द इंग्रजीतच मुक्कामाला राहिले. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी 1886 मध्ये अशा शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश काढला. वडाच्या झाडाला इंग्रजीत बॅनियन म्हणतात, ते नाव गुजराती वाणियांवरून पडलं आहे. गरज असलेला माणूस कामाच्या शब्दापासून सुरुवात करतो, हे तेव्हाही खरं होतं.

आता आकड्यांकडे वळू, कारण या विषयात आकडे खरोखर उपयोगी पडतात.

इंग्रजीत लाखो शब्द आहेत, पण सगळे सारखे वापरात नाहीत. ‘द’ हा एकटा शब्द छापील मजकुरात दर शंभरात सहा-सात वेळा येतो. सर्वांत जास्त वापरात असलेली दोन हजार शब्दकुटुंबं घेतली, तर साध्या मजकुरातले शंभरातले ऐंशी ते नव्वद शब्द त्यांत बसतात. शब्दकुटुंब म्हणजे हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस असे एका मुळातून फुटलेले सगळे शब्द मिळून एक. हे ऐकून वाटतं, झालं की! पण तसं नाही. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेला हिशेब असा: कोणाची मदत न घेता इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं, तर मजकुरातले शंभरातले 98 शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. बोललेलं इंग्रजी नीट कळायला सहा ते सात हजार पुरतात.

98 टक्के हा आकडा कडक वाटतो, पण पानावर ठेवून पाहिला की पटतो. एका पानावर तीनशे शब्द धरा. 98 टक्के ओळखीचे असतील तर सहा शब्द अडतील. बाकीच्या मजकुराच्या आधाराने त्यांतल्या दोन-तीनांचा अंदाजही येईल. 90 टक्के ओळखीचे असतील तर तीस शब्द अडतील, म्हणजे जवळपास प्रत्येक ओळीत ठेच. नव्वद टक्के गुण चांगले असले तरी नव्वद टक्के शब्द कळणं पुरेसं नसतं. म्हणूनच दहावीपर्यंत इंग्रजीत बरे गुण मिळवलेलं मूल इंग्रजी वर्तमानपत्र उघडतं आणि दोन मिनिटांत मिटतं. त्याची बुद्धी कमी नसते. त्याच्यात आणि त्या पानात काही हजार मधल्या शब्दांचं अंतर असतं.

हे मधले शब्द कोणते? ‘कॅट’ आणि ‘वॉटर’ नव्हेत, आणि ‘सेस्क्विपेडेलियन’सारखे लांबलचक, दुर्मीळ शब्दही नव्हेत. सिग्निफिकंट, रिलक्टंट, ॲश्युम, इम्प्लाय, सस्टेन, डिस्क्लोज, कम्प्लाय, फ्लक्च्युएट, असे. ते कुठल्याच एका विषयाचे नसतात. बातमीत, करारपत्रात, पाठ्यपुस्तकात, औषधाच्या माहितीपत्रकात सगळीकडे भेटतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये उच्च शिक्षणाच्या पुस्तकांतून अशी 570 शब्दकुटुंबं निवडली. तेवढ्यांनीच अभ्यासग्रंथांतला सुमारे दहा टक्के मजकूर व्यापला जातो. खरी मेहनत करायची ती इथे. याद्या मात्र या शब्दांना सोपे म्हणून वगळतात, कारण ते ‘ओळखीचे वाटतात’. ओळखीचे वाटणं आणि येणं यांतलं अंतर तो फेदर दाखवतोच.

शब्द मोजून शिकवावेत या कल्पनेचा एक मोठा प्रयोग आपल्याच उपखंडात झाला. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी 1920 च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलं इंग्रजी धडे खडाखडा वाचतात पण त्यांना त्यातलं काही समजत नाही, असं त्यांना दिसलं. कारण धड्यांत दर ओळीला नवे आणि क्वचित वापरले जाणारे शब्द होते. एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा भेटतच नव्हता. वेस्ट यांनी धडे नव्याने लिहून घेतले. दुर्मीळ शब्दाच्या जागी रोजचा शब्द घातला, नवा शब्द बऱ्याच अंतराने आणला, आणि एकदा आणलेला शब्द पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा वापरला. मुलं वाचू लागली. पुढे 1953 मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार सर्वोपयोगी शब्दांची यादी छापली, जिच्यावर जगभरची शालेय पुस्तकं बेतली गेली. ही यादी अवघडपणा पाहून केली नव्हती, किती वेळा भेटेल हे पाहून केली होती. आजच्या क्लासच्या याद्यांशी तुलना केली तर फरक इथेच आहे.

आता एकच शब्द घेऊन तो नीट कसा शिकायचा ते पाहू. डिस्क्लोज हाच घेतो, कारण कतारगामच्या धंद्यात तो सध्या फार वजनाचा आहे. प्रयोगशाळेत बनवलेले हिरे बाजारात आल्यापासून, हिरा खाणीतला की यंत्रातला हे ग्राहकाला सांगणं बंधनकारक झालं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 मध्ये दागिन्यांबाबतचे नियम सुधारले, तेव्हाही हा मुद्दा मध्यवर्ती होता. सुरतेतून परदेशी जाणाऱ्या पत्रव्यवहारात हा शब्द सतत येतो.

शब्दकोशात अर्थ मिळतो: उघड करणे, जाहीर करणे. पाठ करणारा इथे थांबतो. पण ‘उघड करणे’साठी इंग्रजीत रिव्हील आहे, एक्स्पोज आहे, अनाउन्स आहे, कन्फेस आहे. पाचांची जागा वेगळी. रिव्हीलमध्ये झाकलेलं समोर येतं, त्यात कधी आश्चर्य असतं. एक्स्पोजमध्ये कोणाचं तरी बिंग फुटतं. अनाउन्स म्हणजे दवंडी. कन्फेस म्हणजे गुन्ह्याची कबुली. आणि डिस्क्लोज म्हणजे जी माहिती आपल्यापाशी आहे आणि जी समोरच्याला कळायला हवी, ती रीतसर सांगणं. एखाद्या व्यापाऱ्याने पत्रात हिऱ्यावर केलेल्या प्रक्रियेबद्दल ‘आम्ही ट्रीटमेंट डिस्क्लोज करतो’ लिहिण्याऐवजी ‘कन्फेस करतो’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की काहीतरी काळंबेरं होतं.

मग त्याचं कुटुंब: डिस्क्लोजर हे नाम, अनडिस्क्लोज्ड हे विशेषण. हिरेबाजारात ‘अनडिस्क्लोज्ड’ हा धसका घ्यावा असा शब्द आहे. खाणीतल्या मालात न सांगता मिसळलेले कृत्रिम हिरे असा त्याचा अर्थ होतो. नोकरीच्या कागदांत येतं ते नॉन-डिस्क्लोजर अग्रीमेंट, गुपित न फोडण्याचा करार. शेवटी या शब्दाचे सोबती: डिस्क्लोज इन्फर्मेशन, फेल टू डिस्क्लोज, फुली डिस्क्लोज, रिक्वायर्ड टू डिस्क्लोज. एवढं झालं की शब्द हातात आला. याला एक शब्द म्हणा किंवा दहा; माझ्या मते एका दिवसाला हा एवढाच ऐवज भरपूर आहे.

सोबत्यांचा मुद्दा जरा लांबवतो, कारण मराठी माणसाचं इंग्रजी तिथेच अडतं. आपण कर्ज काढतो, फेडतो आणि बुडवतो. पैज मारतो, शपथ घेतो, दवंडी पिटतो, नवस बोलतो आणि फेडतो. नवस ‘करतो’ असं म्हटलं तर चालेल, पण पैज ‘काढतो’ म्हटलं तर समोरचा हसेल. हे नियम व्याकरणात सापडत नाहीत. शब्दांच्या सवयी आहेत. इंग्रजीतही तसंच. तिकडे पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. ‘पॉवरफुल टी’ व्याकरणाला चालतो, इंग्रजाच्या कानाला नाही. औषध ‘टेक’ करतात. कर्ज बुडवणं म्हणजे ‘डिफॉल्ट ऑन अ लोन’, आणि त्यातला ‘ऑन’ सुटला की वाक्य लंगडं पडतं. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा असं भाषातज्ज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये लिहिलं. हे फर्थ तरुणपणी लाहोरला शिकवत होते. असेच दुसरे इंग्रज शिक्षक ए. एस. हॉर्नबी टोकियोत जपानी मुलांना शिकवत होते. कोणतं क्रियापद कोणत्या रचनेत बसतं हे नेहमीच्या कोशात मिळत नाही म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 1942 मध्ये शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश केला. 1948 पासून ऑक्सफर्ड तो छापत आलं. ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतात ती हीच. इंग्रजी-मराठी कोश अर्थासाठी ठेवा, पण असा एक कोश घरात हवाच. त्यातली उदाहरणाची वाक्यं हाच खरा माल आहे.

कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणून आयईएल्टीएस देणाऱ्या सुरतेच्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावं. त्या परीक्षेत लेखनाचे चार निकष आहेत आणि त्यांतला एक शब्दसंपत्तीचा. वरच्या बँडच्या वर्णनात अचूकपणा, शैलीचं भान आणि शब्दांची योग्य संगत यांचा उल्लेख आहे. कमी वापरातले शब्द हवेत, पण जागेवर बसलेले हवेत. पाठ केलेला भारी शब्द चुकीच्या शेजारी बसवला तर गुण वाढत नाहीत, कमी होतात.

मराठी मुलाकडे एक आयती शिदोरी आहे, जिच्याकडे शाळेतही दुर्लक्ष होतं. उपसर्ग आणि धातू. ‘हार’च्या आधी आ, वि, सं, प्र, परि लावले की आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार होतात, हे आपण संस्कृतच्या तासाला शिकतो. इंग्रजीतले अर्ध्याहून अधिक शब्द लॅटिन आणि त्यातून आलेल्या फ्रेंचमधून आले आहेत आणि तेही असेच बनतात. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे: इन्स्पेक्ट आत डोकावून पाहणे, रेट्रोस्पेक्ट मागे वळून पाहणे, प्रॉस्पेक्ट पुढे दिसणारी शक्यता, सर्कमस्पेक्ट चहूकडे पाहून वागणारा. शिवाय लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडलं. म्हणून दंत आणि डेंटल, पाद आणि पेडल, मृत आणि मॉर्टल, नाम आणि नॉमिनल, विधवा आणि विडो ही जोडपी एका मुळाची निघतात. ‘स्था’ या धातूचे नातलग स्टेशन, स्टेट, कॉन्स्टंट, स्टेबल अशा कितीतरी शब्दांत बसले आहेत. अर्थात नुसत्या आवाजाच्या साम्यावर विसंबू नये. कोशात व्युत्पत्ती पाहून खात्री करावी. पण असा शब्द एकदा ओळखीचा निघाला की तो विसरत नाही.

विसरण्यावरही अभ्यास झाला आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने जातं, मग घसरण मंदावते. आणि तेवढाच वेळ एका बैठकीत घालवण्यापेक्षा तो दिवसांवर विभागून घातला तर जास्त टिकतं. दुसरा शोध याहून कामाचा. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या आठवडाभराने जास्त लक्षात राहतं. वही वाचत बसणं सोपं जातं म्हणून आपण ते करतो. आठवून पाहताना अडतं, पण त्या अडण्यातच शब्द रुजतो.

या दोन्ही गोष्टी साधायला यंत्र लागत नाही. 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी पत्त्यांच्या खोक्याची युक्ती लोकप्रिय केली. घारी या सुरती मिठाईचा रिकामा खोका घ्या आणि त्यात पुठ्ठ्याचे कप्पे करा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एका बाजूला मराठी वाक्य लिहा, ज्यात तो अर्थ येतो. दुसऱ्या बाजूला इंग्रजी वाक्य. नुसता शब्द आणि नुसता अर्थ लिहू नका. ‘त्यांनी ट्रीटमेंट केल्याचं सांगितलं नाही’ वाचून ‘दे फेल्ड टू डिस्क्लोज द ट्रीटमेंट’ तोंडाने म्हणता आलं, की तुकडा पुढच्या कप्प्यात. नाही आलं, की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, शेवटचा महिन्याने. अँकीसारखी ॲपं हेच काम फोनवर करतात. मला मात्र हाताने लिहिलेला तुकडा जास्त भावतो, कारण वाक्य निवडताना आणि लिहितानाच अर्धं काम होतं.

तरीही नुसत्या तुकड्यांनी आठ हजार शब्द होणार नाहीत. एखादा शब्द वेगवेगळ्या वाक्यांत दहा-बारा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा भेटावा लागतो, आणि त्याला वाचनाशिवाय मार्ग नाही. वाचन आपल्या पातळीच्या जरा वरचं असावं, ठेच लागेल पण चालणं थांबणार नाही असं. ज्या विषयातलं आपल्याला आधीच कळतं, त्या विषयावरचं वाचायला घ्यावं. हिऱ्यातल्या माणसाने हिऱ्यावरचं, क्रिकेटवेड्याने सामन्याचं वर्णन, शिवणकाम करणाऱ्या ताईने कापडावरचं. विषय ओळखीचा असला की शब्दाचा अंदाज बरोबर येतो.

आणि वाचलेलं परत लिहावं. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी इंग्रजी निबंध वाचून त्यांची टिपणं ठेवत, काही दिवसांनी टिपणांवरून तो निबंध स्वतःच्या शब्दांत लिहीत आणि मुळाशी ताडून पाहत. आपलं शब्दभांडार कुठे तोकडं पडतं, हे त्यांना त्यातून कळलं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाने हे केलं! आपल्याला त्याची मराठी वाट ठाऊक आहे. दर्पण हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये काढलं, तेव्हा एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापला. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. याच घराण्यातले दादोबा पांडुरंग 1840 च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्याआधीच, 1836 मध्ये, त्यांनी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचं व्याकरण लिहिलं होतं. सुरतेतच 22 जून 1844 रोजी त्यांनी गुजराती समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा स्थापन केली आणि जातिभेदाविरुद्ध बोलायला सुरुवात केली. इंग्रजी शिकलेल्या त्या मराठी मास्तरांनी परक्या भाषेतलं आपल्या भाषेत आणलं आणि गुजराती शेजाऱ्यांसोबत कामाला लावलं. सुरतेच्याच कवी नर्मदांनी गुजराती शब्दांचा ‘नर्मकोश’ एकट्याने उभा केला आणि तो 1873 मध्ये छापून पुरा झाला. हे शहर शब्दांच्या कष्टाला नवखं नाही.

म्हणून उपाय साधा आहे. इंग्रजी बातमीतला एक परिच्छेद घ्या, त्याचं चांगलं मराठी करा, कागद बाजूला ठेवा. चार दिवसांनी त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करा आणि मूळ परिच्छेदाशेजारी ठेवा. जिथे तुमचा शब्द आणि मूळचा शब्द वेगळा निघेल, तिथे तुमचा आजचा धडा आहे. मुलाने आईला मराठी वाचून दाखवावं आणि आईने ते मराठी बरं झालंय का ते सांगावं. इंग्रजी न येणाऱ्या आईलाही या अभ्यासात जागा आहे.

कतारगाम, लिंबायत, उधना इथे इंग्रजीचे क्लास चालवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या महिन्याची शब्दांची यादी छापू नका. त्याऐवजी प्रत्येक मुलाला घरातला एक इंग्रजी कागद आणायला सांगा: हिऱ्याचं प्रमाणपत्र, भरतकामाच्या यंत्राची माहितीपुस्तिका, बँकेचं कर्जाचं पत्र, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी. त्यातले पाच शब्द निवडा, त्यांची कुटुंबं आणि सोबती फळ्यावर लिहा, आणि आठवड्याने पुस्तक मिटून विचारा. वडिलांनी सही केलेल्या कर्जाच्या पत्रात काय लिहिलंय हे ज्या दिवशी मूल घरी समजावून सांगेल, त्या दिवसापासून त्याला इंग्रजी शिक म्हणून सांगावं लागणार नाही.